कार्टून का थिजलं?

विंडोजच्या संगणकावर एखादा गेम इन्स्टॉल करायला घ्या. सेटअपच्या फाइलवर डबल क्लिक केलं, की स्क्रीन एकदम काळपटते आणि एक चौकट विचारते, या ॲपला बदल करू द्यायचे का? आता एक गंमत. पुढच्या वेळी मागे एखादं कार्टून चालू ठेवा. चौकट आली रे आली, की कार्टून जागच्या जागी थिजतं!

कारण तुम्हाला मागे दिसतो तो डेस्कटॉप नसतोच मुळी, त्याचा काळपट केलेला फोटो असतो. विंडोजने तुम्हाला गुपचूप दुसऱ्याच डेस्कटॉपवर आणलेलं असतं. तिथे साध्या प्रोग्रॅमना प्रवेश नाही. नाहीतर एखाद्या लबाड प्रोग्रॅमने स्वतःच माउस हलवून ‘हो’ दाबलं असतं की!

पण संगणक बाबांचा, ॲडमिनिस्ट्रेटरचं खातंही त्यांचंच, मग त्यांना कशाला विचारायचं? तर बाबांनी लॉगिन केलं की विंडोज त्यांच्यासाठी दोन टोकन, म्हणजे अधिकारांचे परवाने, तयार करतं, एक साधं आणि एक सगळ्या अधिकारांचं. एरवी सगळी कामं साध्यावरच चालतात. दुसरं बाहेर येतं ते ‘हो’ दाबल्यावर, आणि तेही त्या एका प्रोग्रॅमपुरतं. ही पद्धत विंडोज व्हिस्टाबरोबर 2007 साली घरोघरी आली. त्याआधी एक्सपीवर बहुतेक लोक दिवसभर पूर्ण अधिकारांनिशीच वावरायचे, त्यामुळे घुसलेल्या व्हायरसलाही ते आयतेच मिळायचे. व्हिस्टाने मात्र ऊठसूट विचारून लोकांना इतकं वैतागवलं, की पुढच्या विंडोज 7 ला हे प्रश्न कमी करावे लागले.

काही प्रोग्रॅम तर काहीच न विचारता बसतात, ते कसे? बिल्डिंगच्या गच्चीवर पतंग उडवायला कुणी अडवत नाही, पण तिथे टाकी बसवायची तर सोसायटीला विचारावं लागतं. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हा फोल्डर तसाच सगळ्यांचा. साध्या खात्याला तिथलं वाचता येतं, लिहिता येत नाही. न विचारणारे प्रोग्रॅम तुमच्या स्वतःच्या फोल्डरात मुक्काम ठोकतात.

याहून मजेशीर म्हणजे, जुन्या धाटणीचा प्रोग्रॅम आपल्याला किती अधिकार हवेत ते सांगत नसेल, तर विंडोज त्याच्या नावावरून अंदाज बांधतं! नावात ‘सेटअप’, ‘इन्स्टॉल’ किंवा ‘अपडेट’ असे इंग्रजी शब्द दिसले, की चौकट हजर. मग तो बिचारा नुसतं ‘नमस्कार’ लिहिणारा का असेना.

इन्स्टॉल करताना ‘ॲक्सेस इज डिनाइड’ आलं, तर फाइलवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडतात. पासवर्ड मागितला, तर तुमचं खातं साधं आहे असं समजा आणि ज्यांचा पासवर्ड आहे त्यांनाच बोलवा. शाळेच्या लॅबमध्ये सरांना किंवा बाईंना. अंदाजाने पासवर्ड ठोकत बसू नका. आणि ‘हो’ म्हणण्याआधी चौकटीतलं पब्लिशरचं नाव वाचा. तिथे ‘अननोन’ असेल, तर मोठ्यांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

बरं, ‘हो’ दाबलं म्हणजे बाबा संगणकाचे राजे झाले का? छे! विंडोजच्या फोल्डरातल्या ‘एक्सप्लोरर’ या फाइलचा मालक कोण, ते बाबांबरोबर बसून बघा. प्रॉपर्टीज, मग सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड. नुसतं बघायचं हं, काही बदलायचं नाही. मालक म्हणून तिथे नाव असतं ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’. बाबांचं नाही!