सोनेरी नावावर जाऊ नका

निम्मा रमजान सरला की शिंपी नवं कापड घेत नाहीत. मग ईदेच्या शिलाईवर चार पैसे जोडू पाहणारी एखादी बाई जुन्या बाजारातून काळी मशीन आणते. तिच्यावरचं सोनेरी नाव नंतर चिकटवलेलंही असतं! सुईखालची पट्टी सरकवून आत पाहा. होडीसारखं लांबट शटल दिसलं, तर सुट्या भागांसाठी वणवण ठरलेली. उभ्या केसमध्ये गोल बॉबिन असेल, तर मशीन बहुधा सिंगरच्या १५ नंबरच्या नमुन्यावरची. आपल्याकडे हाच नमुना घरोघरी रुजला. त्याचे भाग लुधियानात आजही बनतात. दुकानात मशीनचं नाव सांगत बसू नका, जुनी बॉबिन केस आणि सुईच पुढ्यात ठेवा. चाँदरातीच्या गर्दीत नव्हे, या आठवड्यातच.