सुगंध नाकाला, खाज कातडीला

दिवाळी तोंडावर आली की भिवंडीजवळच्या टेमघरच्या जनरल स्टोअरमध्ये उटण्याच्या पुड्या, चंदनाचे साबण आणि गुलाबाच्या वासाची क्रीम दर्शनी फळीवर येतात. ऑनलाइन मागवलेली बाटलीही बहुधा भिवंडीच्याच एखाद्या गोदामातून निघालेली असते. घेणारा आधी वास घेतो. मागची बारीक अक्षरे सहसा कुणी वाचत नाही. मग भाऊबीजेच्या सुमारास मानेवर, पापण्यांवर लाल पुरळ उठते आणि खापर फुटते चकली-शेवेवर.

फराळाच्या आधी उटण्याकडे पाहायला हवे. वास नाकापर्यंत पोचायचा तर रेणू लहान आणि चटकन हवेत उडणारा लागतो. तोच लहानपणा त्याला त्वचेत शिरू देतो. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) मोठ्या रेणूंना तिथे सहसा वाट मिळत नाही. सुगंधी रेणू मात्र त्याहून बरेच लहान असतात. आत गेल्यावर काही रेणू त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात. ही जोडी प्रतिकारशक्तीला परकी वाटली, तर टी-पेशी तिची ओळख जपून ठेवतात. पुढच्या वेळी त्या धावून येतात, पण सावकाश, एक ते तीन-चार दिवसांनी. म्हणून नरकचतुर्दशीचे उटणे भाऊबीजेला खाजते, आणि वर्षानुवर्षे मानवलेली क्रीमही एखाद्या वर्षी बाधू लागते. लावताक्षणी होणारी चुरचुर वेगळी. ती बहुधा ॲलर्जी नसते. इसब किंवा कोरडी त्वचा असेल, तर वरचे आवरणच कमकुवत असल्याने दोन्ही त्रास लवकर होतात.

‘नैसर्गिक’ या शिक्क्यावर विसंबून चालत नाही. लवंग आणि तुळशीतले युजेनॉल, गुलाबातले जिरॅनिऑल, दालचिनीतले सिनामल ही सारी ओळखीची ॲलर्जीकारक द्रव्ये आहेत. लॅव्हेंडरमधले लिनालूल आणि संत्र्याच्या सालीतले लिमोनीन ताजे असताना फारसे बाधत नाहीत; हवा लागून त्यांचे ऑक्सिडीकरण झाले की बाधतात. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली म्हणूनच नको.

बऱ्याच बाटल्यांवर ‘परफ्यूम’ एवढेच छापलेले असते, आणि त्यामागे डझनावारी द्रव्ये दडलेली असतात. युरोपीय संघाने 2003 साली अशा 26 घटकांची नावे छापण्याचा नियम केला. 2023 मध्ये ही यादी ऐंशीच्या पुढे गेली. घटक ज्या प्रमाणापेक्षा जास्त असला की नाव छापावे लागते, ती मर्यादा अंगावर राहणाऱ्या क्रीमसाठी 0.001 टक्के, धुऊन टाकायच्या साबणासाठी 0.01 टक्के. म्हणजे जे अंगावर राहते, त्याबाबत दहापट कडक. ‘अनसेंटेड’ वाचून निर्धास्त होऊ नये. मूळ वास झाकायला त्यात सुगंध घातलेला असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ लिहिलेले असले, तरी घटकांत एखादे सुवासिक तेल नाही ना, ते पाहावे.

नवी क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला, आठवडाभर, दिवसातून दोनदा लावून पाहावी. त्रास वारंवार होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. संशयित द्रव्यांच्या चकत्या पाठीवर 48 तास चिकटवतात, काढल्यावर एकदा आणि साधारण 96 तासांनी पुन्हा त्वचा तपासतात. जडलेली ॲलर्जी सहसा जात नाही. पण अपराधी घटकाचे नाव कळले, की तो असलेल्या वस्तू तेवढ्या टाळता येतात. सगळीच प्रसाधने सोडायची गरज उरत नाही.