विंडोज १० संपलं, लॅपटॉप नाही!

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत ठेवली, पण तीही मर्यादितच. विंडोज ११ टाकावं तर टीपीएम २.० हवं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. मोठ्या भावाकडून आलेला, नाहीतर सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप यात बसतो कुठे? सोयाबीन-कपाशीच्या पैशावर घरातली मोठी खरेदी ठरते, अशा बाभुळगावसारख्या ठिकाणी ‘नवा घेऊन टाक’ हे काही उत्तर नाही.

माझ्या मते उत्तर आहे लिनक्स. नाव काढलं की कट्ट्यावरचा शेरा ठरलेला : ‘ते हॅकर लोकायचं काम आहे बे!’ गंमत म्हणजे असं म्हणणाऱ्याच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच कर्नलवर चालतो. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं तो लिहायला घेतला तेव्हा तो २१ वर्षांचा होता, हेलसिंकीत शिकत होता. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकताहेत. ती काय सगळी हॅकर झाली?

लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबी असेल तर आरामात. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस सोबतच येतात. प्रोजेक्ट, सेमिनार, परीक्षेचे ऑनलाइन फॉर्म एवढ्याला आणखी काय लागतं? पैसे लागत नाहीत हे खरं, पण ते नुसतं फुकट नाही, खुलं आहे. सोर्स कोड कुणीही वाचावा, बदलावा.

आता अडचणी. टॅली आणि कोरलड्रॉ लिनक्ससाठी मिळत नाहीत. कॉमर्सवाल्यांनी किंवा फ्लेक्स-पत्रिकांचं काम शिकणाऱ्यांनी विंडोज सोडू नये, उगाच हट्ट नको. मराठीचा घोळ मात्र वेगळा आहे. डीटीपीवाल्याकडून आणलेली कृतिदेवमधली फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि लिनक्सला शिव्या बसतात. पण तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही तेच होतं! कृतिदेव युनिकोड नाही, हे खरं दुखणं. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मराठी दोन्हीकडे नीट दिसतं, आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आधीच असतो, सेटिंगमध्ये जाऊन फक्त जोडायचा.

शिकायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर लिनक्स, लिब्रेऑफिसचे छोटे व्हिडिओ धडे मराठीतही आहेत, तेही मोफत.

करून बघायचंय? ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मिंटची फाइल रुफससारख्या टूलनं त्यात चढवा आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू करा. विंडोजला धक्का लागत नाही. वाय-फाय, आवाज, प्रिंटर चालतो का ते दोन-चार दिवस तपासा. पटलं तरच इन्स्टॉल करा, आणि त्याआधी फोटो-नोट्स दुसरीकडे कॉपी करून ठेवा. ‘इरेज डिस्क’वर क्लिक केलं की सगळं साफ!