बांधकाम मजुरांची सुरक्षितता : कायदा आणि कार्यस्थळ

प्रस्तावना :
बांधकाम व्यवसायातील बहुसंख्य मजूर असंघटित आहेत. मजूर नाक्यावरून वा मुकादमामार्फत आलेला मजूर आज एका इमारतीवर, तर उद्या दुसरीवर असतो. त्यामुळे त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न अनेकदा अपघातानंतरच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

धोक्यांचे स्वरूप :
उंचीवरून पडणे, खोदकामाची बाजू ढासळणे, वरून वस्तू पडणे व विजेचा धक्का हे प्रमुख धोके होत. ५ मीटर उंचीच्या परांचीवरून तोल गेलेला मजूर सुमारे एका सेकंदात, ताशी ३५ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. सावरण्यास अवधी मिळतच नाही. एक घनमीटर माती सुमारे दीड टन भरते. म्हणूनच छातीपर्यंत गाडला गेलेला मजूर डोके बाहेर असूनही गुदमरू शकतो.

२९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढवा येथे संरक्षक भिंत कोसळून तिच्यालगतच्या झोपड्यांत झोपलेले १५ जण मृत्युमुखी पडले. हेल्मेटने हे मृत्यू टळले नसते; झोपड्यांची जागा बदलल्याने टळले असते.

प्रतिबंधाचा क्रम :
प्रथम धोका दूर करणे, ते अशक्य असल्यास कठडे, जाळी व चरास आधार देणे आणि शेवटी हेल्मेट व पट्टा, असा हा क्रम आहे. पट्टाही भक्कम आधाराला अडकवलेला नसेल, तर निरुपयोगी ठरतो. व्यवहारात मात्र शेवटच्या उपायापासूनच सुरुवात होते आणि अपघाताचा दोष मजुराच्या निष्काळजीपणावर ढकलला जातो.

कायदेशीर तरतुदी :
१९९६ च्या अधिनियमाने बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेसाठी व कल्याणासाठी स्वतंत्र तरतुदी केल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. तीनुसार २५० वा अधिक कामगार असलेल्या बांधकामावर सुरक्षा अधिकाऱ्याची तरतूद आहे. लहान कामे या मर्यादेबाहेर राहतात. तेथे देखरेखीची भिस्त मालक व ठेकेदार यांच्यावरच असते.

समारोप :
महाविद्यालयांच्या आवारातही बांधकामे चालतात. तेथे महाविद्यालय हेच काम करवून घेणारे असते. निविदेत कठडे, चरांचे आधार व मजुरांचा सुरक्षित निवारा यांचा खर्च स्वतंत्रपणे नमूद केल्यास सुरक्षितता ठेकेदाराच्या मर्जीवर राहणार नाही. हा बदल आपल्या हाती आहे.