दर सारखा, सेवा निराळी

दुधाचा रतीब, विजेचे बिल, किराण्याची यादी आणि मुलांची फी या घरखर्चाच्या जुन्या बाबींच्या पंक्तीस आता आणखी एक बाब कायमची येऊन बसली आहे. तिचे नाव रिचार्ज. घरात चार माणसे असली तर चार रिचार्ज, आणि त्या प्रत्येकाचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. पंचांगाचे महिने बारा असले तरी टेलिफोन कंपन्यांचे महिने वर्षाला तेरा भरतात, हे अर्थशास्त्रज्ञांच्या आधी गृहिणींच्या ध्यानात आले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढून प्रत्येक कंपनीस निदान एक योजना तीस दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेस येणारी ठेवावयास लावली. तथापि व्यवहारात अठ्ठावीस दिवसांचेच चलन अधिक राहिले.

या खर्चाचा एक विशेष असा की, इतर वस्तूंप्रमाणे तो मापाने होत नाही. दूध मापून घेतले जाते. वीज गेली की मीटर थांबतो. रिचार्ज मात्र दिवसांवर चालतो, आणि टॉवर बंद पडला तरी दिवस काही थांबत नाहीत. शहरात हा भेद फारसा जाणवत नाही, कारण तेथे एक टॉवर गेला तर शेजारचा मदतीस येतो. डोंगराच्या कुशीतल्या वाडीला टॉवर एकच असतो. तो चार दिवस मुका झाला तर अठ्ठावीसांतले चार दिवस वाया गेले, आणि पैसे मात्र पूर्ण गेलेले असतात.

दरवाढीचा इतिहास थोडक्यात असा आहे. २०१४ साली इंटरनेटच्या एका जीबीस देशात सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली, जीवघेणी स्पर्धा झाली आणि तोच भाव काही वर्षांत दहा रुपयांच्या घरात आला. या स्वस्ताईने खेडोपाडी स्मार्टफोन नेला, हे निर्विवाद आहे. परंतु त्याच धुमश्चक्रीत अनेक कंपन्या बुडाल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. खाजगी मोठ्या कंपन्या तीनच उरल्या आणि सरकारी एक. मग भाव चढू लागले. पहिली मोठी वाढ डिसेंबर २०१९ मध्ये झाली, दुसरी २०२१ च्या अखेरीस, तिसरी जुलै २०२४ मध्ये. या तिसऱ्या वाढीत जिओची रोज दीड जीबी देणारी अठ्ठावीस दिवसांची योजना २३९ रुपयांवरून २९९ वर गेली, तर एअरटेल व व्होडाफोन-आयडिया यांची १७९ रुपयांची योजना १९९ ची झाली.

ज्याला इंटरनेट नको, नुसता नंबर जिवंत ठेवावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने पाहिले तर चढण याहून उभी दिसते. २०१८ च्या अखेरीस एअरटेलने किमान रिचार्जची पद्धत आणली, तेव्हा तो ३५ रुपयांचा होता. २०२१ च्या अखेरीस तो ९९ झाला, २०२३ मध्ये १५५ आणि जुलै २०२४ मध्ये १९९. न्यायाने हेही सांगावयास हवे की, ३५ रुपयांत थोडेसेच बोलणे मिळे आणि १९९ मध्ये ते अमर्याद आहे. परंतु महिन्यातून मुलाचे दोन फोन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला अमर्याद बोलण्याचा उपयोग काय? त्याला हवी असलेली लहान वस्तू दुकानातून काढून घेण्यात आली आणि मोठी वस्तू तिच्या जागी ठेवण्यात आली. अशी तक्रार वाढल्यावर ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना इंटरनेटवाचून केवळ बोलणे व संदेश यांच्या वेगळ्या योजना देणे सक्तीचे केले. त्याप्रमाणे त्या निघाल्या, पण एकदम चौऱ्याऐंशी दिवसांच्या किंवा वर्षाच्या. आणि एकरकमी पैसे काढणे हेच तर मजुरीवर जगणाऱ्या घराला अवघड जाते.

कंपन्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. २०२२ च्या लिलावात ध्वनिलहरींचे पट्टे घेण्यासाठी त्यांनी मिळून १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली लावल्या, फाइव्ह-जीची यंत्रसामग्री त्यावर निराळी. भारतातले दर आजही जगात स्वस्तांपैकी गणले जातात. दरवाढीनंतर त्यांच्या पदरात भर पडली हेही खरे. एअरटेलचे दर ग्राहकामागील मासिक उत्पन्न एप्रिल ते जून २०२४ मध्ये २११ रुपये होते, ते त्याच वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत २४५ झाले. वाढीव पैसा चांगल्या सेवेवर लागत असेल तर कोणी कुरकुर करू नये. प्रश्न एवढाच की, तो कोठे लागतो?

येथे सर्कल नावाची वस्तू समजून घेणे अगत्याचे आहे. दूरसंचार खात्याने देशाचे बावीस विभाग पाडले आहेत आणि त्यांच्या सीमा राज्यांच्या सीमांशी सर्वत्र जुळत नाहीत. गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये मोडतो, मुंबई मात्र त्यातून वेगळी आहे. बेळगाव कर्नाटकात, इंदूर व ग्वाल्हेर मध्य प्रदेशच्या सर्कलमध्ये, बडोदे गुजरातेत, आणि हैदराबाद राज्य वेगळे झाल्यावरही आंध्र प्रदेशच्याच सर्कलमध्ये. रोमिंगचे वेगळे शुल्क पडत असे त्या काळी चंदगड-खानापूरकडील माणसाला या सीमांचा चांगलाच परिचय होता; स्वतःच्या अंगणात बसून त्याचा फोन पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडी आणि पैसे कापले जात. ती पीडा टळली. परंतु सेवेचा हिशेब अजून प्रामुख्याने सर्कलच्या मापानेच होतो. महाराष्ट्राच्या एकाच आकड्यात पुणे आहे, पणजी आहे, आणि दोडामार्गच्या घाटातली वाडीही आहे. पुण्याच्या दहा चांगल्या टॉवरांत वाडीचा एक वाईट टॉवर सहज बुडून जातो. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे एवढ्या भरवशावर कोणी नदी उतरत नाही, पण टेलिफोनच्या बाबतीत खेड्याला बराच काळ तेच करावे लागले.

ट्रायला हे ठाऊक नव्हते असे नाही. बोलणे मध्येच तुटण्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असावे, हा नियम पूर्वी सरासरीने तपासला जाई. २०१७ मध्ये तो बदलून, दहांपैकी नऊ दिवस, दहांपैकी नऊ सेलनी हे प्रमाण राखलेच पाहिजे, असे ठरले. सेल म्हणजे टॉवरवरील एक तोंड. ही सुधारणा मोठी होती. पण उरलेला दहावा सेल कोठे असतो? तो मुख्य बाजारपेठेत क्वचितच असावा.

आता रेंज खेड्यातच का रुसते ते पाहू. ध्वनिलहरी जितक्या आखूड, तितकी त्यांची चाल सरळ व पल्ला कमी. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे तेहतीस सेंटिमीटर लांबीची असते. ती झाडीतून, टेकाडाच्या कडेवरून थोडीफार वळून पुढे जाते. २३०० ची लहर तेरा सेंटिमीटरची आणि फाइव्ह-जीच्या ३३०० च्या पट्ट्याची जेमतेम नऊ. जांभ्या दगडाची भिंत किंवा डोंगराचा खांदा आडवा आला की त्या थबकतात. शहरात गर्दी मोठी म्हणून पुष्कळ माहिती वाहणाऱ्या आखूड लहरी सोयीच्या. सह्याद्रीत मात्र लांब लहरींचे पट्टे आणि उंचावर नीट बसवलेले टॉवर हवेत, आणि अशा टॉवरखाली घरे किती, तर दीड-दोनशे! टॉवरचा खर्च शहरातल्याइतकाच, किंबहुना रस्ता नसल्यास अधिक, आणि गिऱ्हाईक शतांशही नाही. हिशेबाच्या वहीत ही जागा तोट्याचीच दिसावयाची.

शिवाय टॉवर म्हणजे नुसता खांब नव्हे. त्याच्या पाठीमागे माहिती वाहून नेणारा मार्ग लागतो. तो काचतंतूचा असला तर उत्तम, नाहीतर डोंगरावरून डोंगरावर मायक्रोवेव्हने उडी घ्यावी लागते. हा मार्ग अरुंद असला म्हणजे फोनवर रेघा पूर्ण दिसतात आणि पान काही उघडत नाही. गावकऱ्यांना हे कोडे नेहमी पडते. त्याचे उत्तर हे की, त्या रेघा फोन व टॉवर यांच्यामधल्या अंतराच्या आहेत, टॉवरच्या पाठीमागच्या वाटेच्या नव्हेत. विजेचेही तसेच. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की वीज जाते. बॅटरी काही तास तग धरते. पुढे डिझेलचे यंत्र असले आणि ते भरावयास कोणी आले तर ठीक. कोकण-गोव्यात आषाढ-श्रावणात वीज आणि रेंज एकामागून एक जातात, यात गूढ असे काही नाही.

दर सारखा असूनही माल निराळा कसा, याचे सर्वांत लख्ख उदाहरण जुलै २०२४ च्या त्याच वाढीत सापडते. जिओ आणि एअरटेल यांनी अमर्याद फाइव्ह-जी रोज दोन जीबी किंवा अधिक देणाऱ्या योजनांपुरते ठेवले. पुण्यातील ग्राहक ती योजना घेतो आणि दिवसभर हवे तितके पाहतो. ज्या गावात फाइव्ह-जी पोहोचलेले नाही तेथील ग्राहकाने तेवढेच पैसे भरून तीच योजना घेतली, तर त्याला फोर-जीचे दोन जीबी मिळतात आणि मग वेग पडतो. पावती दोघांची एकच.

२०२४ च्या वाढीवर लोकांनी आपल्या परीने उत्तर दिले. त्या एका जुलै महिन्यात तिन्ही खाजगी कंपन्यांचे मिळून सुमारे ३८ लाख ग्राहक घटले आणि सरकारी बीएसएनएलचे सुमारे २९ लाख वाढले. पण बीएसएनएलचे फोर-जी त्या वेळी पुष्कळ ठिकाणी उभे राहावयाचे होते, आणि वर्ष संपण्यापूर्वीच हा ओघ उलटा फिरला. देशी बनावटीच्या यंत्रांवर चालणारे तिचे फोर-जी जाळे, सुमारे ९७,५०० टॉवरांचे, सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रास अर्पण झाले. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून आहे, परंतु जेथे टॉवर एकाच कंपनीचा आहे तेथे बदलून जाणार कोठे?

तोट्याच्या गावांचा भार कोणी उचलावा, याचा विचार सरकारने पूर्वीच केलेला आहे. एप्रिल २००२ पासून कंपन्यांच्या समायोजित महसुलातून पाच टक्के रक्कम सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतली जाते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीचे नाव डिजिटल भारत निधी झाले. कंपन्या ही रक्कम अखेर ग्राहकांकडूनच वसूल करणार, तेव्हा प्रत्येक रिचार्जमध्ये खेड्याच्या नावाचा हा भाग आधीपासूनच आहे. या निधीतून ग्रामपंचायतींना काचतंतू नेणारे भारतनेट २०११ मध्ये मंजूर झाले. प्रारंभी तंतू एका रेषेत टाकले गेले. रस्तारुंदीच्या यंत्राने एके ठिकाणी ते तोडले की पुढची सारी गावे अंधारात. हा अनुभव घेऊन ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींची सुधारित योजना मंजूर झाली आणि तीत तंतूंची कडी करावयाचे ठरले, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने वाट राहील. फोर-जी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींचा निराळा कार्यक्रम जुलै २०२२ चा आहे. निधी वर्षानुवर्षे पूर्ण खर्ची पडला नाही आणि कामे मुदतीत झाली नाहीत, ही तक्रार मात्र जुनी आहे.

दरम्यान रेंज ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत कोकण-गोव्यातली मुले शाळेसाठी डोंगर-माळावर जाऊन बसली. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद शेतात उभे राहून फोनवरून करावयाची असते. बँकेचा ओटीपी फोनवर येतो, रेशनच्या दुकानातले अंगठ्याचे यंत्रही टेलिफोनच्या जाळ्यावरच चालते. मुदत संपल्यावर रिचार्ज केला नाही तर काही दिवसांत येणारे संदेशही थांबतात. म्हणजे पैसे नसले तर फोन बंद, आणि पैसे भरले तरी रेंज नसली तर फोन बंदच.

ट्रायचे ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेले सेवागुणवत्तेचे नियम या कोंडीत थोडा उजेड पाडतात. जिल्ह्याच्या पातळीवर सेवा चोवीस तासांहून अधिक बंद राहिली तर बिल भरणाऱ्यास भाड्यात सूट आणि रिचार्ज करणाऱ्यास मुदतवाढ द्यावयाची आहे. सरकारी कामात जिल्हा हे माप ठीक आहे, पण एकट्या वाडीचा टॉवर आठवडाभर बंद राहिला तरी जिल्हा चालूच असतो. येथे भरपाईचा नियम अपुरा पडतो, आणि खेड्याच्या दृष्टीने हीच त्याची सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल. सेवेची मोजणी तिमाहीऐवजी महिन्याची झाली आहे. त्याखेरीज कोणती सेवा कोठे मिळते याचे नकाशे प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर ठेवावयाचे आहेत.

हे नकाशे गावकऱ्यांनी अवश्य पाहावेत. आपली वाडी रंगवलेली आहे आणि घरात रेंज नाही, असे आढळले तर कंपनीच्या तक्रार क्रमांकावर नोंद करून मिळालेला नोंदणी क्रमांक लिहून ठेवावा. निवारण समाधानकारक झाले नाही तर तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्यास शुल्क पडत नाही आणि निकाल एकोणचाळीस दिवसांत द्यावयाचा असतो. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवीत नाही, म्हणून अर्ज तिकडे धाडून वेळ दवडू नये. वाडीतल्या दहा घरांनी दहा निरनिराळ्या नोंदी केल्या, तर एकाच टॉवरविषयी दहा तक्रारी कंपनीच्या वहीत चढतात.