बचत करा म्हणे! पण कशातून?

पगार आला की आधी २० टक्के बाजूला काढा. सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढा इमर्जन्सी फंड ठेवा. फायनान्सच्या रील्समधला हा सल्ला आपल्याला पाठ झालाय. तो चुकीचा नाहीच. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलीय, आधी पैसा येतो आणि मग खर्च होतो.

गंगाखेड तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर हे गणित उलटं चालतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. पैसा मात्र त्याआधीच येऊन गेलेला असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल दवाखान्यात, लेकीच्या लग्नात, जुन्या कर्जात संपलेली असते. म्हणजे कोयता हातात घेण्याआधीच कमाई खर्च!

हिशोब करून बघा. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली आणि तोडणीचा दर टनाला साधारण ३६७ रुपयांवर गेला. समजा, जोडीने १ लाखाची उचल घेतली. ती फेडायला सुमारे २७२ टन ऊस तोडायचा. रोज दोन टन धरले तरी १३६ दिवस, तेही एकही खाडा न करता. हंगाम त्याआधीच आटोपला, तर बाकी पुढच्या वर्षाच्या बोकांडी. यात बचत कुठे बसवणार?

‘त्यांना नियोजनच जमत नाही,’ असं आपण पटकन म्हणतो. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांची आकलन चाचणी तोडणीच्या आधी आणि नंतर घेतली. माणसं तीच, पण हातात पैसा नसताना गुण कमी पडले. चणचणच डोक्यातली जागा खाते.

आणि ही माणसं बचत करतात की! दारातली शेळी, बचत गटाचा हप्ता, गळ्यातले चार मणी. हाच त्यांचा इमर्जन्सी फंड. पण एका ऑपरेशनमध्ये तो संपतो. काटकसरीचा धडा त्यांना नकोय. हवाय तो नीट दर, चालणारा सरकारी दवाखाना आणि पोरांना वेळेवर मिळणारी स्कॉलरशिप.

तेव्हा मित्रांनो, परीक्षा फी भरायच्या दिवशी वर्गातला कुणी गप्प बसला आणि त्याचे आई-वडील फडावर असले, तर ‘आधीपासून साठवायचे ना’ असं म्हणू नका. त्याच्या घरी पैसा साठण्याआधीच वळता झालेला असतो.