रात्रीच्या जंगलवाटेवर दिवा कुठे लावाल?

डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. ऑफिस सुटल्यावर जवळच्या सरे हिल्समध्ये माउंटन बाइक चालवायची, तर दिव्याच्या उजेडातच. पण दिवा हेल्मेटवर लावावा की हँडलबारवर?

वाटेवरचा दगड किंवा झाडाचे मूळ उठून दिसते ते सावलीमुळे. हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असतो. त्यामुळे दगडाची सावली दगडामागेच लपते आणि ओबडधोबड वाट सपाट भासते. हँडलबारवरचा दिवा डोळ्यांपेक्षा बराच खाली असतो, म्हणून सावल्या लांब पडतात आणि दिसतातही. मात्र वळणापलीकडे पाहायचे तर मानेबरोबर फिरणारा हेल्मेटचाच दिवा हवा. म्हणून दोन्ही लावा.

आता वेगाचे गणित. ताशी २५ किमी म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला, तर ७ मीटर तिथेच गेले. सुट्या मातीवर थांबायला आणखी साधारण ६ मीटर. वेग दुप्पट केला, की हे ब्रेकचे अंतर चौपट होते. उलट दुप्पट अंतरावर दिव्याचा उजेड मात्र साधारण पाव उरतो!

एकटे असाल तर पडल्यावर उचलायला कोणी नसते. उजेडाच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. एकुलता दिवा विझला, तर डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात. दुसरा दिवा तेव्हाही कामी येतो. आणि निघण्यापूर्वी कुठली वाट, परत कधी, हे घरी सांगून ठेवा.